बक्षीस देण्याची रीत

उपाहारगृहांतील जेवण संपतें, बडीशेपेच्या वाटीबरोबर बिल येतें, मोड परत येते, आणि टेबलाभोंवतीं बसलेल्या कुटुंबांत क्षणभर एक विचित्र शांतता पसरते. कर्त्या पुरुषाचा हात नोटांकडे जातो आणि पुन्हां मागें येतो. दहा रुपये ठेवावे कीं पन्नास? कांहींच न ठेवतां उठलें तर तो मनुष्य काय म्हणेल? जास्त ठेवले तर शेजारच्या टेबलावरील मंडळी ती ऐट समजतील काय? हजारों रुपयांच्या खरेदींत न अडखळणारा गृहस्थ या चाळीस-पन्नास रुपयांपाशीं अडखळतो, यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. दुकानांत वस्तूची किंमत ठरलेली असते व ती दिली कीं व्यवहार संपतो. येथें मात्र देणाऱ्याला मनाशीं ठरवावें लागतें कीं समोरच्या मनुष्याशीं आपलें नातें काय. तो आपला चाकर आहे, कीं दुसऱ्याच्या दुकानांतील नोकर आहे, कीं आपल्यासारखाच पोटासाठीं काम करणारा एक गृहस्थ आहे? या प्रश्नाचें उत्तर ज्याला नीट सांपडलें त्याला रक्कम सांपडण्यास वेळ लागत नाहीं.

या देण्याघेण्यासाठीं मराठींत शब्दांची वाण नाहीं. ‘बक्षीस’ हा शब्द फारसींतून आला, आणि तोच थोड्या फरकानें इजिप्त, तुर्कस्थान व थेट इंग्रजी भाषेपर्यंत जाऊन पोंचला. दिवाळींत गड्यामाणसांना, पहारेकऱ्याला, डाक आणणाऱ्याला जी रक्कम देत ती ‘पोस्त’. गवयाला किंवा कीर्तनकाराला निरोप देतांना देत ती ‘बिदागी’. पुरोहिताला ‘दक्षिणा’ आणि भावानें बहिणीला घालावयाची ती ‘ओवाळणी’. घरचा नोकर बाजारहाट करतांना दुकानदाराकडून जें हळूच कापून घेई ती ‘दस्तुरी’. ‘चिरीमिरी’ म्हणजे मुळांत किरकोळ चीजवस्तु. आज हा शब्द उच्चारला कीं ऐकणारा कचेरीच्या टेबलाखालीं पाहूं लागतो. ‘चहापाणी’ या निष्पाप शब्दाचीही तीच गत झाली. फ्रेंच व जर्मन भाषांत टिपेला जे शब्द आहेत त्यांचाही अर्थ ‘पिण्यासाठीं पैसे’ असाच आहे. फरक एवढाच कीं तेथें पेला मद्याचा आणि येथें चहाचा. इंग्रजी ‘टिप’ हा शब्द तत्परतेसंबंधींच्या तीन इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांपासून बनला, असें पुष्कळ सुशिक्षित लोक सांगतात. तें खरें नव्हे. सतराव्या शतकांतील इंग्लंडांत भुरट्या लोकांच्या बोलींत ‘टिप’ म्हणजे ‘देणें’ असा प्रयोग होता, तोच पुढें सभ्य समाजांत आला.

इतके शब्द असण्याचें कारण असें कीं रक्कम जरी सारखी दिसली तरी तिच्या पाठीमागचा हेतु निरनिराळा असतो. काम ठरल्याप्रमाणें झालें म्हणून जें द्यावेंच लागतें तें वेतन. काम मनापासून केलेलें पाहून, प्रसन्न होऊन जें दिलें जातें तें बक्षीस. काम व्हावें, अगर इतरांच्या आधीं व्हावें, म्हणून जी सरकविली जाते ती लाच. शंभराची एकच नोट या तिन्ही ठिकाणीं फिरूं शकते, आणि नोटेच्या अंगावर कोणताच शिक्का नसल्यामुळें देणाऱ्यालाही पुष्कळदां आपण काय देत आहों हें कळत नाहीं. सारा घोटाळा येथूनच सुरू होतो. त्यांतही बक्षीस आणि लाच यांतील फरक बहुतेकांना निदान तोंडानें तरी सांगतां येतो. बक्षीस आणि वेतन यांतील फरक मात्र दिवसाढवळ्या पुसला जातो आणि त्याची कोणाला दादही नसते.

जुन्या मराठी गांवगाड्याला हा फरक ठाऊक होता. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट इत्यादि बलुतेदारांना सुगीच्या वेळीं शेतकऱ्याच्या खळ्यावरून धान्याचा वांटा मिळे. तो त्यांचा हक्क होता. लग्नकार्यांत जें लुगडें-पागोटें मिळे तें त्याहून वेगळें. परंतु एवढ्यावरून या व्यवस्थेचा गौरव करण्याचें कारण नाहीं. ती जातीवर उभारलेली होती, आणि धान्य मोजणारा हात नेहमीं वरचा व पदर पसरणारा हात नेहमीं खालचा असे. पीक बुडालें किंवा मर्जी फिरली कीं हक्काचें धान्यही भिकेसारखें मागावें लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९२८ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत महार वतनासंबंधीं विधेयक मांडलें, त्यांत बलुत्याच्या धान्याऐवजीं रोख पैशांची आकारणी व्हावी अशी तरतूद होती. तें विधेयक त्या वेळीं मंजूर झालें नाहीं. पण त्या तरतुदीचें मर्म आजही विसरतां येत नाहीं. ज्या मोबदल्याचें माप देणाऱ्याच्या मर्जीवर ठरतें तो मोबदला घेणाऱ्याला मिंधा करतो.

अमेरिकेंतील आगगाडीचा इतिहास याच गोष्टीची साक्ष देतो. तेथें १८६५ सालीं गुलामगिरी कायद्यानें नष्ट झाली आणि १८६७ सालीं जॉर्ज पुलमन यानें शयनगाड्यांची कंपनी काढली. प्रवाशांचे बिछाने घालणें, सामान उचलणें, बूट पुसणें या कामांसाठीं कंपनीनें मुक्त झालेल्या काळ्या गुलामांस पोर्टर म्हणून नेमलें, आणि पगार इतका तुटपुंजा ठेवला कीं प्रवाशांच्या टिपेवांचून पोर्टराचें घर चालूं नये. प्रवासी प्रत्येक पोर्टराला मालकाच्या नांवावरून ‘जॉर्ज’ अशी हाक मारीत; जणूं त्याला स्वतःचें नांवच नव्हतें! ज्या अब्राहम लिंकन यांचें नांव गुलामगिरीच्या अंताशीं कायमचें जोडलें गेलें आहे त्यांचेच चिरंजीव रॉबर्ट लिंकन हे १९११ पर्यंत या कंपनीचे अध्यक्ष होते, हा इतिहासाचा एक चमत्कारिक योगायोग होय. पोर्टराला महिन्याकाठीं सुमारें ४०० तास काम पडे. १९२५ सालीं ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखालीं पोर्टरांनीं आपला संघ काढला, आणि बारा वर्षांच्या झगड्यानंतर १९३७ सालीं कंपनीला त्यांच्याशीं करार करणें भाग पडलें. महिन्याचे तास २४० वर आले व पगार वाढला. टिप त्यानंतरही चालूच राहिली. परंतु चूल पेटण्यासाठीं प्रत्येक प्रवाशापुढें हंसत उभें राहण्याची सक्ती पुष्कळ अंशीं सुटली.

टिपेची चाल कायद्यानें बंद करण्याचाही प्रयत्न त्याच देशांत झाला. १९०९ सालीं वॉशिंग्टन राज्यानें तसा कायदा केला व आणखी कांहीं राज्यांनीं त्याचें अनुकरण केलें. पण लोकांची संवय कायद्याला बधली नाहीं, आणि १९२६ पर्यंत हे सर्व कायदे रद्द झाले. पुढें १९६६ सालीं तर कायद्यानेंच उलट बाजू घेतली. टिप मिळविणाऱ्या नोकराला मालकानें कमी वेतन द्यावें आणि बाकीचें टिपेंतून भरून निघावें, अशी मुभा मिळाली. केंद्रीय कायद्यानें ठरविलेलें हें कमी वेतन १९९१ पासून तासाला २ डॉलर १३ सेंट एवढेंच राहिलें आहे. इतर कामकऱ्यांचें किमान वेतन २००९ पासून ७ डॉलर २५ सेंट आहे. टिप अपुरी पडल्यास फरक मालकानें भरून द्यावा असा नियम आहे खरा, आणि कॅलिफोर्नियासारख्या कांहीं राज्यांनीं ही सवलतच मालकांना दिलेली नाहीं. तथापि पुष्कळ ठिकाणीं वाढप्याच्या कमाईचा मोठा भाग गिऱ्हाइकाच्या हातांतूनच येतो. मुलाबाळांकडे अमेरिकेस जाणाऱ्या मराठी आईबापांनीं हें ध्यानांत ठेवणें अगत्याचें आहे. बिलाखालीं १८ किंवा २० टक्क्यांचा आकडा पाहून त्यांना धक्का बसतो, आणि एवढ्या पैशांत पुण्यास घरच्या सर्वांचें जेवण झालें असतें, असा हिशेब ते मनांतल्या मनांत करतात. हिशेब बरोबर असेलही. पण तो करून टिप न देतां उठणें म्हणजे त्या देशाच्या रिवाजाप्रमाणें एका माणसाच्या मजुरींतून पैसे कापून घेणें होय. तेथील पद्धति चुकीची आहे हें मत बाळगण्यास हरकत नाहीं. फक्त त्या मताची किंमत वाढप्याकडून वसूल करूं नये.

इतर देशांनीं निराळ्या वाटा धरल्या. फ्रान्समध्यें दरपत्रकावरील किंमतींत सेवेचा आकार अगोदरच मिळविलेला असावा असा नियम १९८७ पासून आहे. तेथील गिऱ्हाईक उठतांना वाटल्यास दोन-चार नाणीं ठेवतें, न ठेवल्यास कोणी भुंवया चढवीत नाहीं. जपानांत उपाहारगृहांत टिप देण्याची चालच नाहीं. टेबलावर पैसे राहिले तर गिऱ्हाईक विसरलें असें समजून नोकर ते परत देण्यासाठीं मागून धांवत येतो. जुन्या वळणाच्या धर्मशाळावजा खाणावळींत मात्र तेथील यजमानिणीला पाकिटांत घालून कांहीं रक्कम द्यावी असा रिवाज आहे. उघडी नोट हातावर ठेवणें तेथें असभ्यपणाचें समजतात. इंग्लंडांत मालक टिपेंतच हात घालतात अशी ओरड दीर्घकाळ चालली होती. अखेर २०२३ सालीं तेथें कायदा झाला, व टिप कांहीं कपात न करतां नोकरांमध्येंच न्याय्य रीतीनें वांटली पाहिजे हा नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून अमलांत आला.

आपल्याकडे मोठ्या शहरांतील उपाहारगृहांनीं मधलाच एक मार्ग काढला. बिलाखालीं शेंकडा पांच ते दहा ‘सर्व्हिस चार्ज’ छापून येऊं लागला, आणि छापून आलें म्हणजे सरकारी कर असणार, अशा समजुतीनें भोळीं कुटुंबें तो भरूं लागलीं. हा आकार सरकारी कर नव्हे. वस्तु-सेवा कर निराळा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें ४ जुलै २०२२ रोजीं असें मार्गदर्शक फर्मान काढलें कीं हा आकार बिलांत आपोआप मिळवूं नये, दुसऱ्या नांवानें घेऊं नये, आणि तो न देणाऱ्यास प्रवेश नाकारूं नये. उपाहारगृहांच्या संघटना न्यायालयांत गेल्या. दिल्ली उच्च न्यायालयानें २८ मार्च २०२५ रोजीं प्राधिकरणाची बाजू उचलून धरली आणि सक्तीचा सर्व्हिस चार्ज बेकायदा ठरविला. ज्याच्या बिलांत हा आकार न विचारतां लावला जाईल त्यानें तो काढण्यास सांगावें. न काढल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार करतां येते.

परंतु येथें एक नाजूक प्रश्न उभा राहतो. सक्तीचा आकार काढून घेतला, आता पुढें काय? टिप ही खुशीची गोष्ट आहे, सक्तीची नव्हे, असें तावातावानें सांगून जो गृहस्थ दीडशें रुपये वांचवितो त्यानें आपली खुशी तेवढ्यापुरती तरी दाखवावयास नको काय? तत्त्व मालकापुढें मांडावें आणि बचत वाढप्याच्या ताटांतून करावी, ही नीति सोयीची आहे, पण सुशिक्षित घराण्यास शोभणारी नाहीं. आकार नाकारला असेल तर निघतांना वाढप्याच्या हातांत स्वतःच्या हातानें कांहीं ठेवून जावें. मालकाला जें सक्तीनें घेतां येत नाहीं तें नोकराला खुशीनें मिळूं शकतें, हें त्या एका कृतींत सिद्ध होतें.

हातांतच कां द्यावें, याला कारण आहे. बिलाबरोबर कार्डावर दिलेली टिप प्रथम मालकाच्या खात्यांत जाते व मग नोकरांत वांटली जाते. अशा रकमेवर पगाराप्रमाणें मालकानें कर कापावा कीं नाहीं, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. २०१६ सालीं न्यायालयानें निकाल दिला कीं ही रक्कम गिऱ्हाइकानें नोकराला दिलेली असते, मालक ती केवळ पोंचती करतो; म्हणून ती पगार नव्हे. कायद्याच्या दृष्टीनेंही वेतन आणि बक्षीस हीं दोन निराळीं नातीं आहेत, एक मालकाशीं आणि दुसरें गिऱ्हाइकाशीं, हें या निकालानें स्पष्ट झालें. मालक प्रामाणिक असल्यास कार्डानें दिलेली टिपही पोंचतेच. तथापि हातांतून हातांत दिलेल्या रकमेची वाट अगदीं जवळची असते. मोबाइलवरून पैसे देण्याच्या या काळांत खिशांत सुटे पैसे नसतात ही सबब आतां घरोघर ऐकूं येते. बाहेर पडतांना दहा-वीसच्या चार नोटा निराळ्या ठेवल्या कीं सबब उरत नाहीं.

किती द्यावें, हा प्रश्न शेवटीं घेणेंच बरें, कारण त्याचें उत्तर सोपें आहे. टेबलाशीं बसून, वाढप्याकडून वाढून घेऊन जेवण झालें असेल तर शेंकडा पांच ते दहा हें प्रमाण आपल्याकडे पुष्कळ समजलें जातें. उभ्याउभ्या चहा घेण्याच्या ठिकाणीं, किंवा स्वतःच ताट उचलून आणावें लागतें तेथें, कांहीं द्यावेंच असें नाहीं. स्टेशनावरील हमालाचा दर रेल्वेनें ठरवून दिलेला असतो. आधीं तो दर विचारावा, ओझें डोक्यावर चढविल्यानंतर घासाघीस करूं नये, आणि म्हाताऱ्या माणसाला जिना सांभाळून चढविलें असेल तर दराच्या वर कांहीं द्यावें. पावसांत भिजत घरपोंच जेवण आणणाऱ्या मुलाला, चौथ्या मजल्यावर पाण्याचा जड नग चढविणाऱ्याला, त्याच्या श्रमाकडे पाहून द्यावें. जिन्स किती किंमतीचा आहे याकडे पाहून नव्हे. काम वाईट झालें असेल तर टिप न देण्यास संकोच करूं नये. मात्र भाजी खारट झाली हा आचाऱ्याचा दोष, आणि ताट उशिरा आलें हा पुष्कळदां माणसें कमी ठेवणाऱ्या मालकाचा. त्यांची शिक्षा वाढप्याला होऊं नये.

रकमेहून देण्याची पद्धति अधिक बोलते. घरांत चालत नाहीं अशी फाटकी नोट टिपेंत खपविणारे महाभाग शहरोशहरीं आहेत. त्यापेक्षां न देणें बरें. नाणीं टेबलावर खणखणून टाकूं नयेत, नोट फेंकूं नये, चारचौघांना दिसेल असा हात उंच करूं नये. वाढपी आल्यावर त्याच्या डोळ्यांकडे पाहून ‘जेवण छान झालें’ एवढें म्हणावें व पैसे हातांत द्यावे. तासभर ‘ए’, ‘अरे’ करून हांका मारल्या आणि शेवटीं शंभराची नोट ठेवली, तर त्या नोटेनें मधल्या तासाची भरपाई होत नाहीं. वाढपी वयानें मोठा असेल तर ‘काका’ म्हणावें, लहान असेल तर नांव विचारावें. एखाद्यानें ‘नको साहेब’ म्हणून हात जोडले तर त्याच्या खिशांत नोट कोंबूं नये. त्याच्या स्वाभिमानाला नमस्कार करून उठावें. घरांतील मुलांच्या हातून बक्षीस देववावें हें चांगलें, पण त्याबरोबर ‘काकांना नमस्कार कर’ हेंही सांगावें, म्हणजे पैसे देणारा तो मोठा ही समजूत बाळमनांत घर करणार नाहीं.

सरकारी नोकरांची गोष्ट वेगळी. त्यांना त्यांच्या कामाबद्दल पैसे देणें, मग तें काम होण्यापूर्वीं असो कीं झाल्यावर, कायद्याच्या दृष्टीनें बक्षीस ठरत नाहीं. इंग्रजी अमदानींतील १८६० च्या दंडसंहितेपासून हेतूनें घेतलेला आणि मोबदला म्हणून घेतलेला पैसा एकाच पंक्तीला बसविलेला आहे. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यांत २०१८ सालीं सुधारणा झाल्यापासून लाच देणाराही सरळ अपराधी ठरतो. ज्याला ती देणें भाग पडलें त्यानें सात दिवसांच्या आंत पोलिसांस अथवा तपासयंत्रणेस कळविलें तरच त्याची सुटका. मग दिवाळींत वर्षभर ऊनपावसांत टपाल आणणाऱ्या पोस्टमनला काय द्यावें? केंद्र सरकारच्या नोकरांच्या वर्तणुकीचे १९६४ चे नियम देणग्यांवर बंधन घालतात, परंतु प्रासंगिक भोजन व सामाजिक आतिथ्य यांना ते देणगी समजत नाहींत. तेव्हां त्याला घरांत बोलावून, खुर्चीवर बसवून, चकली-करंजीचें ताट पुढें करावें. पाकिटापेक्षां तें ताट त्याला अधिक लक्षांत राहील. एस्. टी. च्या कंडक्टरनें विसरलेली पिशवी जपून परत दिली, तर आगारप्रमुखांना त्याचें नांव, बिल्ला क्रमांक व तारीख लिहून एक पत्र पाठवावें. सुशिक्षित मनुष्य तक्रार लिहावयाची तर चार पानें लिहितो, आणि प्रशंसा लिहावयाची तर त्याला वेळ मिळत नाहीं. वस्तुतः वरिष्ठांकडे पोंचलेल्या प्रशंसेच्या चार ओळी नोकराला जितक्या उपयोगी पडतात तितकें पन्नास रुपयांचें बक्षीस पडत नाहीं. हा नियम खासगी दुकानांस, हॉटेलांस, इस्पितळांसही तितकाच लागू आहे.

येथपर्यंत सर्व उपदेश गिऱ्हाइकाच्या भूमिकेंतून झाला, आणि तो ऐकतांना श्रोत्यांपैकीं पुष्कळांनीं मान डोलविली असेल. मालकानें पुरेसें वेतन द्यावें, तें टिपेवर ढकलूं नये, हें कोणालाही पटतें. परंतु प्रत्येक शहरी कुटुंब दिवसांतून एकदां स्वतःच मालकाच्या खुर्चीवर बसतें. सकाळीं धुणेंभांडीं करण्यास बाई येतात, पोळ्या लाटण्यास दुसऱ्या येतात, म्हाताऱ्या आजींना सांभाळण्यास तिसऱ्या. त्यांना जें दिलें जातें तें बक्षीस कीं वेतन? महिन्याचा पगार ठरवितांना शंभर रुपयांसाठीं अर्धा तास वाद घालावयाचा आणि संक्रांतीला जुनें पातळ देऊन औदार्याचें समाधान मानावयाचें, ही रीत अनेक सभ्य घरांत आहे. आजारपणाचे चार दिवस कापावयाचे आणि मुलाच्या फीसाठीं पांचशें रुपये ‘मदत’ म्हणून द्यावयाचे, हीही तशीच. हक्काचें देणें रोखून धरून त्यांतूनच उपकार करणें, हें काम पुलमन कंपनीनेंही याहून निराळ्या तऱ्हेनें केलें नव्हतें.

दिवाळीच्या पोस्तीचाच इतिहास पाहावा. १९१७ सालीं युद्धकाळच्या महागाईंत मुंबईच्या गिरणीमालकांनीं कामगारांना पगाराच्या शेंकडा दहा असा बोनस दिला, आणि पुढें कांहीं वर्षें तो मिळत गेला. मग तो नाकारण्यांत आला, तेव्हां १९२४ च्या आरंभीं दीड लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. सरकारनें नेमलेल्या समितीनें सांगितलें कीं बोनसवर कामगारांचा हक्क पोंचत नाहीं. एवढी मोठी गोष्ट हक्क म्हणून मान्य होण्यास आणखी चाळीस वर्षें लागलीं. १९६५ सालीं बोनसचा कायदा झाला. त्यांतील किमान प्रमाण प्रथम ४ टक्के होतें, तें पुढें ८.३३ टक्के, म्हणजे वर्षांतून एक महिन्याचा पगार, असें झालें. २०१९ च्या वेतनसंहितेंत तो कायदा विलीन करण्यांत आला, पण हें प्रमाण तसेंच राहिलें. घरकामाला हा कायदा लागू नाहीं. महाराष्ट्रानें २००८ सालीं घरेलू कामगारांसाठीं कल्याण मंडळाचा कायदा केला, तरी घरांतील दिवाळी अजून घरमालकिणीच्या मर्जीवरच आहे. कचेरींत स्वतःचा बोनस हक्कानें मोजून घेणाऱ्या कुटुंबानें घरीं येणाऱ्या बाईंनाही एक महिन्याचा पगार न मागतां द्यावा, आठवड्याची एक रजा व आजारपणाचे दिवस पगारी धरावे, आणि हें सर्व कामावर ठेवतांनाच सांगून टाकावें. एवढें केल्यावर संक्रांतीचें पातळ द्यावें, मुलाची फी द्यावी, लेकीच्या लग्नांत आहेर करावा. मग त्या प्रत्येक देण्याला खरोखरच बक्षिसाची शोभा येईल.

बक्षीस हें वेतनाच्या वर शोभतें, वेतनाच्या जागीं शोभत नाहीं. ज्याची मजुरी पुरी पडली आहे तो मनुष्य बक्षीस घेतांना मान ताठ ठेवूं शकतो, नाकारावयाचें झाल्यास नाकारूंही शकतो. ज्याचें पोटच बक्षिसावर अवलंबून आहे त्याच्या हंसण्यांत आणि नमस्कारांत किती खरें व किती भीतीचें, हें देणाऱ्याला कधींच कळत नाहीं. म्हणून नोट पुढें करण्यापूर्वीं एकच गोष्ट पाहावी: हा मनुष्य ही नोट न घेतांही सुखानें घरीं जाऊं शकेल काय? उत्तर ‘होय’ असेल तर प्रसन्न मनानें, जमेल तेवढें द्यावें. उत्तर ‘नाहीं’ असेल तर थोडें अधिक द्यावें, आणि मालक आपणच असूं तर दुसऱ्या दिवसापासून पगार वाढवावा.